कुत्रीचा पहिला माज पुढे ढकलताय? या चुका टाळा

सोलापुरात कारवानी असो की पॉमेरेनियन, कुत्री सहा-सात महिन्यांची झाली की घरात एकच विषय निघतो: "आत्ता पिल्लं नकोत, पुढे बघू. तोवर माज थांबवायचं काहीतरी मिळेल का?" मागणी रास्त आहे. चुकतं ते औषध निवडताना.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मेडिकलमधून बायकांचं गर्भनिरोधक इंजेक्शन आणून टोचणं. त्यात बहुधा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम हार्मोन असतं. माज थांबतो, पण गर्भाशयाचं अस्तर सुजून जाड होतं, आत स्राव साठतो आणि जंतूंचं फावतं. मग गर्भाशयात पू होतो, म्हणजेच पायोमेट्रा. जिच्याकडून पुढे पिल्लं हवी होती, तिचं गर्भाशयच काढावं लागतं. स्तनात गाठी होण्याचा आणि मधुमेहाचा धोका वेगळाच. पहिला माज येण्याआधी तर हे इंजेक्शन देऊच नये. कुत्री गाभण असताना दिलं गेलं तर दिवस भरूनही कळा येत नाहीत आणि पिल्लं पोटातच दगावू शकतात.

पायोमेट्रा बहुधा माजानंतर एक-दोन महिन्यांत दिसतो. कुत्री भांडंभर पाणी पिते, सारखी लघवीला जाते, मलूल पडते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, म्हणून "उन्हामुळं पीत असेल" असं म्हणून दिवस काढले जातात. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर पू दिसतही नाही. त्यामुळे वाट बघू नका, त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या.

डेस्लोरेलिनचं इम्प्लांट (माजाची हार्मोन्स दाबणारं औषध हळूहळू सोडणारी बारीक कांडी) हा त्यामानाने सुरक्षित मार्ग, पण त्यातही वय चुकवू नका. साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या पिल्लाला कातडीखाली बसवलं तर वयात येणं लांबतं. उशिरा बसवलं तर सुरुवातीला उलटा परिणाम होऊन माजच येऊ शकतो. असर संपला की माज परत येतो आणि पुढे पिल्लंही होऊ शकतात. तो नेमका कधी परतेल हे मात्र सांगता येत नाही, म्हणून कुणाला पिल्लाचा शब्द आधीच देऊ नका. कधीच पिल्लं नको असतील तर नसबंदीच करा.

उलट तक्रारही येते: दीड वर्ष झालं, माज नाही. लहान जातीत तो सहा ते दहा महिन्यांत येतो, मोठ्या जातीत दोन वर्षंही लागतात. घाईनं माज आणायचं इंजेक्शन देऊ नका. आधी अंथरुणावर पांढरं फडकं टाका आणि रोज सकाळी त्यावर डाग पडलाय का ते पाहा. स्वतःला चाटून साफ ठेवणाऱ्या कुत्रीचा माज कळतच नाही. दोन वर्षांनंतरही काही नसेल तर थायरॉईड आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सची तपासणी करा. कुत्री दुसऱ्याकडून घेतली असेल तर आधी कुठलं इंजेक्शन दिलं होतं, हे जुन्या मालकाला विचारून डॉक्टरांना सांगा.