शिकवण्या सांभाळून समकालीन संगीतरचना कशी करायची

संगीत शिकवणाऱ्यांची रचना वेळेअभावी अडते, असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कान थकलेले असतात. पाच-सहा तास विद्यार्थ्यांचे चुकलेले सूर ऐकून, दुरुस्त करून झाल्यावर लिहायला बसलं, की दुपारी शिकवलेलीच ओळ हातातून उतरते. म्हणून आधी हे लक्षात घ्या, की रचनेत चार वेगवेगळी कामं असतात. सुचणं, सुचलेलं वाढवणं, स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) स्वच्छ लिहिणं आणि प्रत्येक वादकाचा पार्ट (फक्त त्याच्या ओळीची प्रत) काढणं.

पहिल्या दोन कामांना ताजा कान लागतो, तेव्हा ती पहिल्या शिकवणीच्या आधीच करा. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी ४५ मिनिटं पुरतात. वर्षाचं वेळापत्रक ठरवताना हे चार तुकडे आधी भरा आणि मग विद्यार्थ्यांना वेळा द्या. उलट केलंत तर ते कधीच सापडणार नाहीत. स्वरांची तीव्रता, व्हायोलिनच्या गजाच्या खुणा, पार्टची मांडणी ही कामं थकलेल्या संध्याकाळीही होतात. दोन शिकवण्यांमधल्या दहा मिनिटांत रचना करायला जाऊ नका. काही सुचलं तर फोनवर गुणगुणून ठेवा, पण सोबत पहिल्या स्वराचं नाव आणि गती बोला. नाहीतर चार दिवसांनी तीच नोंद ऐकून काही उलगडत नाही. उठताना पुढच्या दोन बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) काय घडणार आहे ते एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवातीची वीस मिनिटं आठवण्यात जात नाहीत.

सगळं सुट्टीवर ढकलणं हा नेहमीचा सापळा आहे. महिनोन्‌महिने न लिहिलेला हात सुट्टीचे पहिले कित्येक दिवस नुसता गरम होण्यात घालवतो. इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांनी १९०५ पासून १९३४ मध्ये निधन होईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये शिकवलं. ‘द प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदाची रचना त्यांनी १९१४ ते १९१७ या काळात मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत लिहिली. शाळेत त्यांना आवाज न पोचणारी एक खोली मिळाली होती. सुट्टीचा त्यांना उपयोग झाला, पण शनिवार-रविवारचं लिहिणं सुटलं नाही, हे महत्त्वाचं.

आता हिशेब. गती मिनिटाला ६० आणि बार चार मात्रांचा असेल तर मिनिटात १५ बार होतात; चार वादकांसाठीच्या आठ मिनिटांच्या रचनेला १२० बार लागतात. एका बैठकीत तीन बार पक्के झाले तर आठवड्यात १२, म्हणजे मसुद्याला दहा आठवडे. फेरतपासणीला दोन, स्कोअर आणि पार्टना तीन. वादकांच्या हाती पार्ट पहिल्या तालमीच्या सहा आठवडे आधी पडायला हवेत. एकूण एकवीस आठवडे झाले. त्यात परीक्षांचे आठवडे कोरे धरा आणि कोणी रचना मागितली तर सहा महिन्यांहून कमी मुदतीला होकार देऊ नका.

विद्यार्थी ही तुमची मोठी शिदोरी आहे. व्हायोलिनच्या नवशिक्यांसाठी समकालीन काही लिहायचं असेल तर नैसर्गिक हार्मोनिकपासून (तारेला नुसता स्पर्श करून निघणाऱ्या उंच स्वरापासून) सुरुवात करा. पहिल्याच पोझिशनमध्ये, म्हणजे हात नवशिक्यांच्या नेहमीच्या जागी असताना, तिसरं बोट मोकळ्या तारेच्या चौथ्या स्वरावर नुसतं टेकवलं, दाबलं नाही, तर मोकळ्या तारेच्या दोन सप्तकं वरचा स्वर मिळतो. चौथं बोट पाचव्या स्वरावर टेकवलं तर एक सप्तक आणि वर पंचम. हात सरकवायला लागत नाही, आणि आवाज मात्र त्यांनी कधी न ऐकलेला. लिहिताना बोट टेकायच्या जागी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं स्वरचिन्ह काढा. स्वर फाटतो तो बहुधा बोटाच्या दाबामुळे किंवा गज घोडीपासून (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीपासून) दूर आणि फार हळू चालल्यामुळे. म्हणून ‘घोडीजवळ, गज भरभर’ असं पार्टवरच लिहा. शिवाय रचना अशी करा, की प्रत्येकाने आठ सेकंदांच्या आत आपल्या सोयीने सुरू करायचं. एकाचा स्वर लागला नाही तरी बाकीच्यांच्या आवाजात तो झाकला जातो. गजाच्या काठीने तारा ठोकायला मात्र लावू नका, काठीचं पॉलिश जातं.

संगणकावर वाजवून ऐकलेल्या समतोलावर विसंबू नका. तिथे बासरीचा खालचा स्वर ट्रम्पेटशेजारीही ऐकू येतो, कारण आवाज हवा तसा वाढवता येतो. खऱ्या खोलीत तो बुडतो. फुंकून वाजवायच्या वाद्याची प्रत्येक लांब ओळ स्वतः श्वास रोखून, ठरलेल्या गतीत मोजून पाहा.

पार्टमध्ये उजव्या पानाचा शेवट विरामावर आणा, नाहीतर पान उलटताना एक स्वर हमखास गळतो. स्वर लिहायच्या पाच ओळींच्या पट्ट्याची उंची सात मिलिमीटरपेक्षा कमी नको. लांब विराम संपत येताना दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात दाखवा, म्हणजे वादकाला कुठे सुरू करायचं ते कळेल.

नोकरीत असाल तर करारातलं एक कलम आधी वाचा. कामाच्या वेळेत, संस्थेच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेचे हक्क कोणाचे, हे देशागणिक आणि करारागणिक बदलतं. पहिल्या प्रयोगाआधी ते लेखी ठरवून घ्या.

तालमीत स्वतः वाजवू किंवा हाताने ताल देऊ नका, स्कोअर घेऊन खोलीच्या मागे बसा. शिकवायची सवय इथे आड येते. वादकाचं बोट सुधारायला धावण्याआधी तोच बार दोन वेगळ्या वादकांना अडतोय का ते पाहा. अडत असेल तर लिखाणच बदलायला हवं. तालीम ध्वनिमुद्रित करा, दुरुस्त्या त्याच आठवड्यात स्कोअर आणि पार्ट दोन्हींत उतरवा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख टाका, म्हणजे पुढच्या तालमीत जुना पार्ट कोणाच्या स्टँडवर राहिलाय ते लगेच कळेल.