नव्या पेटीत राणी अंडी घालतेय का?

मुलुंडला आमच्या गच्चीवर सातेरी मधमाश्यांची नवी पेटी आली की सोसायटीतल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, "राणी दिसली का हो?" राणी शोधत बसू नका. अंडी शोधा.

पहिला आठवडा पेटीला हातच लावायचा नाही. सातेरीला फार त्रास दिला की ती पेटी सोडून जाते. मग सकाळी, गच्ची तापायच्या आत, सूर्याकडे पाठ करून पोळ्याची चौकट उचला. ऊन थेट पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडलं पाहिजे. तिथे तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं काहीतरी उभं दिसेल: ते आजचं अंडं. कललेलं कालचं, आडवं परवाचं. साधारण तीन दिवसांत अळी होते. म्हणजे उभं अंडं दिसलं की राणी कालपरवापर्यंत बहुतेक होती. चौकट आडवी मात्र धरू नका, आपल्या उकाड्यात नवं पोळं मऊ पडून निखळतं.

एका घरात एकच अंडं, तळाच्या मधोमध, आणि सलग भरलेली घरं असतील तर झाकण लावा. एकेका घरात तीन-चार, तीही भिंतींना चिकटलेली? मग बहुतेक राणी गेली आणि कामकरी माश्याच अंडी घालतायत. घाई नको, नवखी राणीसुद्धा कधीकधी एका घरात दोन घालते. आठ-दहा दिवसांनी परत बघा. तेव्हा कामकऱ्यांच्या घरांवर जिकडेतिकडे फुगीर, टोकाला बारीक भोक असलेल्या टोप्या दिसल्या, तर आत नुसते नर आहेत. ही वसाहत टिकायची नाही, दुसरी राणी मागवा.