सवलतीची दुकाने आणि जुना बाजार : काटकसरीची खरेदी कशी करावी

दुकानाच्या दारावर ‘४० टक्के सवलत’ असा फलक दिसला, की ही सवलत कोणत्या किमतीवर धरली आहे, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा ती पाकिटावरच्या कमाल किरकोळ किमतीवर, म्हणजे एमआरपीवर धरलेली असते आणि हा आकडा बहुतांश वस्तूंच्या बाबतीत उत्पादकानेच ठरवून छापलेला असतो. त्याहून जास्त दराने माल विकता येत नाही, कमी दराने मात्र कितीही विकता येतो. त्यामुळे जी वस्तू कोपऱ्यावरचा वाणी एरवीही छापील किमतीपेक्षा कमी दराने देतो, तिच्यावरची मोठी सवलत प्रत्यक्षात चार-दोन रुपयांचीच निघते. यावर उपाय एकच, तो म्हणजे स्वतःची भावाची वही. दरमहा लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तू लिहून प्रत्येकीपुढे किलोचा किंवा लिटरचा दर, दुकान आणि महिना एवढे टिपून ठेवावे. ही वही मोबाइलमध्ये ठेवली तरी चालते, पण दुकानात उभे असताना ती हाताशी असली पाहिजे.

मोठ्या सवलतीच्या दुकानांत वहीचा उपयोग लगेच कळतो. मोठे पाकीट स्वस्त पडते हा समज तिथे वारंवार खोटा ठरतो. समजा, अर्ध्या किलोचे चहाचे पाकीट २१० रुपयांना आणि एक किलोचे ४३५ रुपयांना असेल, तर दोन लहान पाकिटे घेण्यात पंधरा रुपये वाचतात. आता बहुतेक पाकिटांवर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमतही छापलेली असते. ती अगदी बारीक अक्षरांत असली तरी तीच वाचावी, मात्र ती एमआरपीवरून काढलेली असल्याने सवलत वजा करून हिशेब पुन्हा मांडावा लागतो. खाद्यतेलाच्या बाबतीत अधिक सावध राहावे. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पण तशाच आकाराच्या शेजारच्या पिशवीत ८५० किंवा ८०० ग्रॅमच तेल असू शकते आणि दर्शनी किंमत कमी असल्यामुळे हात नेमका तिच्याकडे जातो. ‘एकावर एक मोफत’ असलेल्या खाद्यपदार्थांची मुदत आधी पाहावी, कारण अशा योजनेत मुदत संपत आलेला माल बराच असतो. बिस्किटे आठवड्यात संपणार असतील तर तो सौदा चांगलाच म्हणायचा. लोणच्याच्या मसाल्याची चार पाकिटे मात्र बहुधा फडताळातच जुनी होतात.

सवलतीच्या दुकानांची आपल्याकडची परंपरा मॉलच्या कितीतरी आधीची आहे. गिरणगावाजवळच्या नायगावात १९४८ मध्ये सुरू झालेला ‘अपना बाजार’ ही ग्राहकांची सहकारी चळवळच होती, आणि पुण्यातल्या टिळक रस्त्यावरची ‘ग्राहक पेठ’ अनेक कुटुंबांच्या सवयीची आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत तर आणखी वेगळी आहे. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवतात आणि आलेला माल आपापसांत वाटून घेतात. तिथे फडताळे नसतात आणि झगमगाटही नसतो, त्यामुळे यादीबाहेरची खरेदी होतच नाही. माझ्या मते खरी बचत दरातल्या फरकापेक्षा या शिस्तीत अधिक आहे. वर्षाच्या बेगमीसाठीही हीच युक्ती वापरता येते. उन्हाळ्यात गव्हाचे पोते तीन घरांत वाटून घ्यावे, मात्र साठवणीला कोरडी जागा असेल तरच. किडलेला गहू कोणत्याही दराने महागच पडतो.

वापरलेल्या वस्तूंच्या बाजाराचे गणित निराळे आहे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत मटण स्ट्रीटच्या परिसरातला चोर बाजार प्रसिद्ध आहे आणि तिथली बरीच दुकाने शुक्रवारी बंद असतात. इथे छापील किंमत नसते, म्हणून तुलनेसाठी दुसरा आकडा शोधावा लागतो. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी तो आकडा म्हणजे मोडीचा भाव. जाण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या भांडेवाल्याकडे पितळेच्या मोडीचा किलोचा दर विचारून घ्यावा आणि स्प्रिंगचा लहान काटा सोबत न्यावा. पातेले वजन करून मोडीच्या भावाने त्याची किंमत काढली, की विक्रेत्याने सांगितलेल्या दरातला किती भाग धातूचा आणि किती ‘जुन्या काळच्या वस्तू’चा, हे स्पष्ट होते. त्यानंतर पातेले बोटांवर तोलून वाजवावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर बहुधा कुठेतरी तडा असतो. बुडाशी झाळल्याची खूण आहे का ते पाहावे आणि शक्य असल्यास पाणी भरून दोन मिनिटे थांबावे. पितळेच्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल, तर कल्हईचा खर्चही किमतीत धरावा, कारण कल्हई करणारे आता गल्लोगल्ली फिरत नाहीत. एवढे करून घासाघीस केली, तर विक्रेताही गिऱ्हाईक जाणते आहे हे ओळखतो आणि बोलणे लवकर आटोपते.

लाकडी सामान घेताना खण बाहेर काढून आतली आणि मागची बाजू पाहावी. बारीक छिद्रे आणि खाली पडलेला पिवळसर भुसा दिसला तर ते कपाट कितीही स्वस्त असले तरी घरात आणू नये. कपडे उजेडात धरून काखेतली आणि बैठकीची शिवण तपासावी. मात्र हेल्मेट, गॅसची रबरी नळी, रेग्युलेटर आणि लहान मुलांची गाडीतली आसने वापरलेली घेऊच नयेत, कारण त्यांचे आतले नुकसान डोळ्यांना दिसत नाही. जुन्या फ्रिजचा विचार विजेच्या बिलासह करावा.

पाठ्यपुस्तकांसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौक आहेच. तिथे जाण्यापूर्वी अभ्यासक्रम बदलला आहे का, याची शाळेत चौकशी करावी आणि पुस्तकाची आवृत्ती पाहावी. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तेव्हा एखाद्या धड्यापुरते पुस्तक हवे असेल तर तेवढाही खर्च करण्याचे कारण नाही.

वापरलेला मोबाइल घेताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे डायल करून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पडद्यावर आणावा आणि तो सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तपासावा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो घेणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. म्हणून विक्रेत्याची सही असलेली पावती आणि शक्य तर मूळ बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नेहमीच्या दुकानांतही बिल मागावेच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलावर मुदत छापलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि सवलतीत विकलेला माल त्याला अपवाद नाही. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बिलाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे, कारण त्या चकचकीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात.