सच्छिद्र माध्यमातलं संवहन आणि रासायनिक अभिक्रिया: या चुका टाळा

मराठवाड्यातल्या एखाद्या विहिरीत डोकावून पाहा. मांजऱ्या खडकाची, म्हणजे भोकाळ बेसॉल्टची, भोकं झिओलाइट नाहीतर कॅल्साइट या पांढऱ्या खनिजांनी बुजलेली दिसतात. लाव्हा थंड झाल्यावर खडकात फिरलेल्या पाण्यातूनच ही खनिजं तयार झाली. म्हणजे अभिक्रियेने खडकातल्या पाण्याच्या वाटाच बदलतात. तरीही आपल्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पात सच्छिद्र माध्यमातलं संवहन, म्हणजे घनतेच्या फरकाने होणारा प्रवाह, संगणकावर सोडवताना पारगम्यता (माध्यम पाण्याला किती सहज वाहू देतं ते) सुरुवातीला एकदा भरतात आणि शेवटपर्यंत तीच ठेवतात. ही चूक सगळ्यात महागात पडते. सच्छिद्रतेवरून पारगम्यता काढणाऱ्या कोझेनी-कार्मन सूत्रात सच्छिद्रता (एकूण आकारमानातला पोकळ भाग) ०.३० वरून ०.२४ वर आणा. पारगम्यता मूळच्या सुमारे ४३ टक्क्यांवर येते, आणि तिच्यासोबत रॅले अंकही, म्हणजे संवहनाचा जोर सांगणारा आकडा. साका (द्रावणातून वेगळा होणारा घन पदार्थ) बसत असेल किंवा खनिज विरघळत असेल, तर पारगम्यता गणितात सतत बदलती ठेवा. मात्र हे सूत्र वाळूसारख्या थरासाठी आहे. बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगांतून वाहतं, तिथे ते जसंच्या तसं लावू नका.

दुसरी चूक: अभिक्रिया आली की संवहन मंदावणार, असं धरून चालणं. कार्बन डायऑक्साइड वरून खाऱ्या पाण्यात विरघळला की पाणी जड होतं आणि बोटांसारख्या धारा खाली उतरतात. खडकाशी अभिक्रिया होऊन तो पाण्यातून कमी झाला, तर धारा मंदावतात हे खरं. पण पाण्याऐवजी कॉस्टिक सोड्याचं द्रावण घ्या, त्याच धारा जास्त वेगाने उतरतात, कारण तयार होणाऱ्या कार्बोनेटमुळे द्रावण आणखी जड होतं. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी प्रत्येक अभिकारक आणि अभिक्रियेतून तयार होणारा प्रत्येक पदार्थ द्रावणाची घनता किती वाढवतो, ते आकडे शेजारी-शेजारी मांडा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

४π², म्हणजे ३९.४८, हा क्रांतिक रॅले अंक (ज्याच्या वर संवहन सुरू होतं तो) सरसकट वापरू नका. तो खालून तापवलेल्या, वर-खाली पाण्याला बंद आणि दोन्ही सीमांवर तापमान स्थिर ठेवलेल्या थराचा आहे. वरची सीमा पाण्याला खुली केली तरी तो २७.१ होतो, अभिक्रिया धरली की नव्याने काढावा लागतो.

दोन काचांमधल्या द्रावणात या धारा पाहण्याचा प्रयोग करणाऱ्यांनी दर्शकाच्या, म्हणजे आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याच्या, रंगावर विसंबू नये. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या दर्शकाचा रंग ३.८ ते ५.४ या पीएचमध्ये बदलतो, त्यामुळे काचांमध्ये दिसते ती फक्त त्या पीएचची रेषा. विरघळलेला वायू तिच्याही खाली पोचलेला असू शकतो. श्लीरेन मांडणी (घनतेतला फरक प्रकाशाच्या वळण्यावरून दाखवणारी) जमत नसेल तर तोच प्रयोग दुसऱ्या दर्शकाने करा. धारांची लांबी वेगळी आली, तर पहिलं मोजमाप दर्शकाचं होतं, प्रवाहाचं नव्हे.