रिकामं पोट आणि सुटे दिरहम

मोरोक्कोतल्या मराकेशच्या जुन्या शहरात संध्याकाळी गाईडबरोबर खात फिरायचं ठरवलं असेल, तर तयारी दुपारपासूनच करावी लागते. रियादमधला, म्हणजे मधे अंगण असलेल्या जुन्या वाड्यातल्या मुक्कामाचा, सकाळचा नाश्ता खुशाल करा. मसेमन नावाची चौकोनी घडीची पोळी असते, आणि भोकाभोकांचं बघरीर. आपल्या घावनाला जाळी पडली की आई खूश व्हायची, अगदी तशी जाळी, वर मध आणि लोणी. त्यानंतर मात्र संध्याकाळपर्यंत एखाद-दुसरं संत्रं, बस्स. पहिल्या खेपेला मी दुपारी अख्खं ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, एकटीने चाटूनपुसून संपवलं आणि संध्याकाळी चौथ्या थांब्यावर, नेमकं जिथे सगळ्यात चांगलं मांस पुढ्यात आलं तिथे, नुसता वास घेत उभी राहिले. तीन-चार तासांत सात-आठ ठिकाणी खायचं असतं, तेव्हा एका ठिकाणी दोन-तीन घास हे आधीच मनाशी ठरवून घ्या. सगळ्यात मोठा धोका पावाचा. खोब्झ नावाचा तो जाड, गोल पाव प्रत्येक पदार्थाबरोबर येतो, चमच्याचं काम तोच करतो, आणि बहुतेक वेळा तो गरम असतो हीच पंचाईत.

तारीख ठरवताना कॅलेंडरं दोन बघायची, एक त्यांचं आणि एक आपलं. त्यांच्याकडे शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बाजारातली बरीच दुकानं बंद असतात आणि घरोघरी कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, शिजतो. रमजानमध्ये दिवसभर गाड्यांवर काही मिळत नाही. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली की सगळं शहर एकदम खजूर आणि हरीरा नावाच्या सूपकडे वळतं. बघण्यासारखा प्रकार आहे, पण वॉकची वेळ त्या महिन्यात वेगळी असते. शिवाय मोरोक्कोचं घड्याळ रमजानपुरतं एक तास मागे जातं, म्हणजे आपल्याशी साडेचार तासांचा असलेला फरक साडेपाचचा होतो. 2027 मध्ये रमजान फेब्रुवारीत येतोय, त्या सुमाराची तिकिटं असतील तर गाईडला वेळ पुन्हा एकदा विचारून घ्या. बकरी ईदच्या आसपासचे दिवस तर टाळलेलेच बरे, कारण खाणावळवाले आपापल्या गावी गेलेले असतात.

आपलं कॅलेंडर बघायला आम्ही विसरलो होतो. आमच्यातले एक काका गुरुवार पाळतात आणि वॉक नेमका गुरुवारी निघाला. काकांनी ऑलिव्ह, पाव, झालूक आणि पाच ग्लास पुदिन्याचा चहा एवढ्यावर संध्याकाळ काढली. झालूक म्हणजे वांग्याचं भरीत, टोमॅटो, लसूण आणि जिरं घातलेलं. ‘मिरची विसरलेत, बाकी घरचंच आहे’ म्हणत त्यांनी तीन वाट्या संपवल्या, त्यामुळे फार हळहळ वाटली नाही. तरी संकष्टी, एकादशी, श्रावण, जे काय पाळत असाल ते आधी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काय चालत नाही ते गाईडला आधी, लिहून कळवा, आणि ‘व्हेज’ या एका शब्दावर सोडून देऊ नका. तिथे ‘ब्ला ल्हम’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ असं सांगितलं की ताटात मांसाचा तुकडा येत नाही, पण रस्सा त्याच मांसाचा असू शकतो. हरीरा हे टोमॅटो, मसूर आणि हरभऱ्याचं सूप दिसायला अगदी सात्त्विक, पण त्यात बहुधा मांस नाहीतर मांसाचं पाणी असतं. वर सात भाज्या रचलेला कुसकुससुद्धा अनेकदा मांसाच्या रश्शाच्या वाफेवर शिजलेला. माकूडा, म्हणजे लसूण-कोथिंबीर घातलेली बटाट्याची टिक्की, पावात घालून हरिसा नावाच्या तिखट चटणीबरोबर देतात. वडापावची आठवण न होणारा मराठी माणूस मी तरी पाहिला नाही, पण त्यात बहुतेक ठिकाणी अंडं असतं. विश्वासाची गोष्ट म्हणजे बिसारा, वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. तरी विचारूनच खा.

मांस खाणाऱ्यांनीही एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. कोफ्ता, सॉसेज, हरीरा यांत गाईचं मांस सर्रास असतं. चालत नसेल तर ‘बगरी’ म्हणजे गाईचं आणि ‘घनमी’ म्हणजे मेंढीचं, हे दोन शब्द पाठ करून जा. आपण संकोचतो, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहतो. तिथे कोणी वाईट वाटून घेत नाही, हलाल-हराम रोजचं असलेल्या माणसाला न खाण्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. बदाम किंवा तीळ सोसत नसतील तर तेही सांगा, मिठाईत या दोघांशिवाय पान हलत नाही.

पैशाचं असं आहे की मोरोक्कोचा दिरहम भारतात बदलून मिळेल या भरवशावर राहू नका, ते चलन देशाबाहेर सहसा मिळत नाही. तिथे उतरल्यावर एटीएममधून काढा. मशीन 100 आणि 200 च्या नोटा देतं, आणि गोगलगाईंच्या वाटीसाठी 200 ची नोट पुढे केली की गाडीवाला आकाशाकडे बघतो. म्हणून दुपारी पाण्याची बाटली विकत घेऊन नोट मोडा आणि 5-10 दिरहमची नाणी वेगळ्या खिशात ठेवा. वॉकच्या पैशात खाणं धरलेलं असलं तरी शौचालयाच्या दारातली बाई, गाणारे-वाजवणारे आणि शेवटी गाईडची बक्षिसी यांना सुटे लागतातच. गाईड परवानाधारक आहे ना, त्याचं ओळखपत्र एकदा बघून घ्या. चौकात ‘मी दाखवतो’ म्हणत मागे लागणारे वेगळे.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. खांदे आणि गुडघे झाकलेले बरे, पायात बंद बूट, कारण गल्ल्यांमधून गाढवाच्या गाड्या आणि स्कूटर दोन्ही जातात आणि त्यांच्या मागे काय काय राहतं ते तुम्ही ओळखलं असेल. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो, दुपारच्या उन्हावर विसंबून स्वेटर खोलीत ठेवू नका. पिशवी आडवी, खांद्यावरून. तिच्यात बाटलीबंद पाणी, कागदी रुमाल, हात पुसायचं काहीतरी आणि ओआरएसची दोन पाकिटं. बास.

मनाची तयारी मात्र जरा जास्त लागते, आणि ती गोगलगाईंसाठी. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणत वाढलेल्या आपल्याला तीच पोटात घालायची म्हणजे अवघड जातं. पण तिसऱ्या खाता ना? मग निम्मं काम झालं. टाचणीने किंवा काडीने मांस ओढून काढायचं आणि मग वाटीतलं गरम पाणी प्यायचं. खरी गंमत त्या पाण्यात आहे. ज्येष्ठमध, बडीशेपेसारखं काहीतरी, थाईम, कडू संत्र्याची साल. थंडीत लोक सर्दीवरचा काढा म्हणून पितात, आणि काकांनी गुरुवार असूनही वासापुरती वाटी नाकाशी नेली होती.

तंजियासाठी मनाची तयारी नको, जागा हवी. तंजिया हे मडक्याचंही नाव आणि आतल्या पदार्थाचंही. मांस, लसूण, जिरं, केशर, मिठातलं मुरलेलं लिंबू आणि स्मेन नावाचं खारवून मुरवलेलं लोणी भरायचं, तोंडावर कागद बांधायचा आणि मडकं हमामचं, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराचं, पाणी तापवणाऱ्या भट्टीवर पोचवायचं. तिथे ते राखेत तासन्‌तास पुरलेलं राहतं. बंबाच्या निखाऱ्यात वांगी-कांदे खुपसणाऱ्या घरातले असाल तर वेगळं समजवायला नकोच. हा परंपरेने पुरुषांचा पदार्थ, बायको घरी नसलेल्यांचा. गाईड भट्टी दाखवणार आहे का ते बुक करतानाच विचारा. भट्टी न दाखवता नुसती थाळी समोर ठेवणारा वॉक मी घेणार नाही. मशुई, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत अख्खी भाजलेली मेंढी, तिचे चांगले तुकडे दुपारीच संपतात, संध्याकाळी उरलेलं मिळालं तरी मीठ-जिऱ्याबरोबर खाऊन बघा.

चार शब्द पुरतात. ‘ला, शुक्रन’ म्हणजे नको, धन्यवाद. ‘सफी’ म्हणजे पुरे, वाढणाऱ्याचा हात थांबवायला. पहिल्या घासाआधी ‘बिस्मिल्ला’ म्हटलं की गाडीवाला हसून आणखी वाढतो, मग पुन्हा ‘सफी’. आणि मागून ‘बालाक!’ ऐकू आलं की वळून बघत बसायचं नाही, भिंतीला चिकटायचं, गाढव येतंय. एका ताटातून खाताना उजव्या हाताने आणि आपल्या समोरच्या बाजूनेच खायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

शेवट बहुधा जमा अल-फना चौकात होतो. 2001 मध्ये युनेस्कोने मौखिक आणि अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत या चौकाला घेतलं ते इथल्या कथेकरी आणि गाण्या-वाजवण्याच्या परंपरेमुळे. खाण्याच्या गाड्या रोज संध्याकाळी उभ्या राहतात आणि रात्री मोडल्या जातात. भारतीय चेहरा दिसला की ‘शाहरुख खान! अमिताभ!’ अशा हाका येतील. हसा, पण गाईड नेईल त्याच गाडीवर बसा. सापवाल्यांचा आणि माकडवाल्यांचा फोटो काढलात तर पैसे द्यावे लागतील, आणि मेंदीवाल्या बाईला हात धरू देऊ नका. कोपऱ्यात तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून खुदेंजाल देतात, कुळिंजनाचा झणझणीत चहा, सोबत सल्लू, म्हणजे न वळलेला बेसन-तिळाचा लाडू म्हणा. बेसनाऐवजी भाजलेली कणीक. इतकं खाऊनही तो चमचाभर जातोच.

परतीसाठी रियादची जागा इंटरनेटशिवाय उघडणाऱ्या नकाशात आधीच साठवून ठेवा. गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही, त्यामुळे जवळच्या वेशीचं नाव, बाब दुक्काला असेल किंवा दुसरं कुठलं, कागदावर लिहिलेलं असू द्या. आणि दुसऱ्या दिवशीची सकाळी सातची बस काढू नका.