देवावर भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं

"देवावर भार टाका" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असतो, मुलाची नोकरी गेलेली असते, विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीच्या फाटकाशी आलेलं असतं. कुणीतरी येतं, एवढं वाक्य बोलतं, चहा पिऊन निघून जातं. भार टाकायचा कसा, किती वाजता, कुठे बसून, हे कुणी सांगत नाही. ते इथे सांगतो. बडोद्यातली मराठी घरं डोळ्यांपुढे आहेत, त्यामुळे दत्त, मारुती आणि राम जास्त येतील. तुमचं दैवत वेगळं असेल तर नाव बदला, बाकी सगळं तेच.

पहिली गोष्ट: तुम्ही घाबरलात की खचलात, हे आधी ओळखा. घाबरलेल्या माणसाचं अंग पळत असतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, एकाच जागी बसवत नाही. खचलेल्याचं अंग जड होतं. सकाळी उठावंसं वाटत नाही, देवघरासमोरून जातानाही मान वर होत नाही. लोक दोघांना एकच औषध देतात आणि तिथेच चुकतं. घाबरलेल्याला सात देवळं फिरवली तर तो आणखी भिरभिरतो. खचलेल्याला "शांत बस, जप कर" म्हटलं तर तो माळ हातात घेऊन तेच ते दळण दळत बसतो. भीतीला बसवायचं असतं, खचलेपणाला उठवायचं असतं.

आणि त्याच्याही आधी एक. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असं असेल तर ती भीती आहे की हृदय, हे घरी ठरवू नका. माळेचे 108 नंतर, आधी फोनवरचा 108, ॲम्ब्युलन्सचा.

भीती आली असेल तर

पाठ भिंतीला टेकवून बसा, पावलं जमिनीवर. मांडी घातलीच पाहिजे असं नाही. नाव छोटं घ्या. "श्रीराम जय राम जय जय राम" हा तेरा अक्षरांचा मंत्र बहुतेकांना येतो. श्वास आत घेताना मनात "श्रीराम", सोडताना तोंडाने, ऐकू येईल असं, "जय राम जय जय राम". श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि सगळी मेख त्यातच आहे. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. एका नामाला पाच-साडेपाच सेकंद धरले तर एक माळ दहा मिनिटांत होते. घाईने पाच मिनिटांत उरकलेली माळ भीतीच्या वेळी फारशी कामाची नाही.

मोठ्याने म्हणा, हे पुन्हा सांगायला हवं. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार. मानस सर्वांत श्रेष्ठ असं ऐकलेलं असतं, म्हणून लोक रात्री तीन वाजता डोळे मिटून मनातल्या मनात जप करायला जातात आणि दुसऱ्या मण्याला हॉस्पिटलच्या बिलावर पोचतात. घाबरलेलं मन मानस जपाला लागत नाही. आधी आवाज, मग पुटपुटणं, मन थाऱ्यावर आलं की मग आतल्या आत. शेजारी झोपलेलं माणूस उठेल अशी अडचण असेल तर ओठ तरी हलवा.

माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने ओढा, तर्जनी लावू नका, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा. हात थरथरत असेल तर माळ सोडूनच द्या. चार बोटांची बारा पेरं, ती नऊ वेळा मोजली की 108 होतात.

ज्यांना जपात लय सापडत नाही त्यांना स्तोत्र बरं पडतं. रामरक्षा 38 श्लोकांची, सावकाश म्हटली तर दहा मिनिटं पुरतात. त्याहून लहान हवं असेल तर दत्तभक्त संन्यासी टेंबे स्वामींचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र, अवघे पाच श्लोक. त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या: प्रत्येक श्लोकाच्या शेवटच्या ओळीत येतं ते "अस्मान्", म्हणजे आम्हाला. मागणं एकट्यासाठी नाही. ऑपरेशन थिएटरबाहेर बसून म्हणताना समोरच्या बाकावरचं अनोळखी कुटुंबही त्यात येतं, आणि आपली भीती थोडी कमी एकटी राहते.

माळ झाली की लगेच उठू नका. भीती देवाला पुऱ्या वाक्यात सांगा. "सगळं चांगलं होऊ दे" हे पुरं वाक्य नव्हे. "उद्या अकरा वाजता रिपोर्ट आहे आणि कॅन्सर निघेल अशी मला भीती वाटते," असं. जिला आकार नाही ती भीती घरभर पसरते. मग कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागे तेच वाक्य लिहा, वर तारीख घाला. त्याखाली एकच ओळ, तुमच्या हातातली: "जुनी फाईल काढून ठेवणे, साडेदहाला रिक्षा." घडी करा आणि देवघरात ताम्हनाखाली सरकवा. पुढच्या गुरुवारपर्यंत उघडायची नाही. मधे विचार आला तर "ते लिहून दिलंय" म्हणायचं आणि खालच्या ओळीतलं काम करायचं. भार टाकणं म्हणतात ते एवढंच. वरची ओळ त्याची, खालची आपली. दोन्ही त्याच्यावर टाकल्या तर रिक्षा कोण बोलावणार?

गुरुवारी घडी उघडा. जे टळलं त्यावर रेघ मारा. जे खरंच घडलं त्यासमोर लिहा, त्या वेळी कोण धावून आलं. कागद फेकू नका. तीन-चार महिन्यांनी पंधरा-वीस घड्या एकदम वाचल्यावर जे कळतं ते प्रवचनात कळत नाही. मात्र सगळ्या भीत्या खोट्या ठरतील अशी आशा धरून वाचू नका. काही खऱ्या ठरलेल्या असतात.

इथे गीतेतल्या नवव्या अध्यायातला 22 वा श्लोक आठवतो. "योगक्षेमं वहाम्यहम्" हे शब्द पुष्कळांनी गीतेपेक्षा एलआयसीच्या पॉलिसीवर जास्त वेळा पाहिलेले असतात, दिव्याच्या ज्योतीभोवती धरलेल्या दोन हातांच्या खाली. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे आहे ते राखणं. क्रियापद नीट बघा: "वहामि", मी वाहतो. संकट येऊच देणार नाही असं त्या श्लोकात कुठेही म्हटलेलं नाही.

खचला असाल तर

उठा. अंघोळ, धुतलेले कपडे, मग देवाला फूल. भक्तिभाव दाटून येण्याची वाट बघत बसलात तर आषाढीची कार्तिकी होईल. भाव मागून येतो, आधी पाय हलावे लागतात. घराजवळचं एक देऊळ ठरवा, चालत पंधरा-वीस मिनिटांवरचं, आणि संध्याकाळच्या आरतीची वेळ धरा. बडोद्यात हरणी भागात राहणाऱ्यांना भीडभंजन मारुती आहे. भीड म्हणजे गुजरातीत संकट, ते मोडणारा. शनिवारी तिथे रांग असते. खचलेल्या माणसाला गर्दी नको असेल तर दुसरा वार निवडावा. अकरा प्रदक्षिणा घाला, मोजून, म्हणजे मन मोजण्यात तरी गुंतेल.

आठवड्यातून एकदा दुसऱ्यांबरोबर म्हणा. खचलेल्याला स्वतःचा आवाज ऐकवत नाही, चार आवाजांत तो निघतो. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांत गुरुवारी करुणात्रिपदी, म्हणजे दत्ताला आळवणारी टेंबे स्वामींची तीन पदं, झाली की पाठोपाठ गुजराती दत्तस्तोत्र दत्तबावनी होते, संत रंग अवधूतांची, 1935 सालची, बावन्न ओळींची. अवधूत मराठी घरातले, जन्म गोध्र्याचा, गुरू टेंबे स्वामी. करजण तालुक्यात नर्मदाकाठी नारेश्वरला त्यांचं स्थान आहे. त्यामुळे शेजारच्या पटेलकाकूंनाही बोलवा, त्यांना ती पाठ असते. करुणात्रिपदी म्हणताना पहिल्या ओळीकडे लक्ष द्या: आधी दत्ताला "शांत हो" म्हटलंय, मग आपलं चित्त शांत करायला सांगितलंय. देवाशी असं बोललेलं चालतं. रागही चालतो. नामदेव-जनाबाईंनी विठ्ठलाला काय काय सुनावलंय! "माझा विश्वासच उडालाय" हे सांगायचं असेल तर तेही देवासमोर उभं राहूनच सांगा. अबोला धरण्यापेक्षा भांडण बरं.

हाताला काम हवं. कापूस घेऊन वाती वळा, रोज एकवीस, किंवा वहीत पानभर नाम लिहा. सकाळी, अंघोळीनंतर. रात्री लिहायला बसलात तर तिसऱ्या ओळीला पेन थांबतं.

दोन आठवडे होऊनही झोप नाही, जेवण जात नाही, किंवा जगणं नको असे विचार येत असतील तर डॉक्टरकडे जायचंच. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. गोळी घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं सांगणाऱ्याला चष्मा काढून पोथी वाचायला सांगा.

काय बिघडतं

सर्वांत जास्त बिघडतं ते निरांजनावरून. ज्योत विझली की "अपशकुन" म्हणून सगळं घर गप्प. कारणं ठरलेली आहेत. फुलवातीचं टोक तुपात न भिजवता पेटवलं तर ते भुरकन जळून जातं. थंडीत तूप थिजतं आणि वातीला चढत नाही. ताम्हनातल्या पाण्याचा थेंब उडतो. पंखा चालू असतो. फुलवात तुपात बुडवून, टोक बोटांनी पिळून उभं करा, पंखा बंद करा आणि मग लावा. विझली तर पुन्हा लावा, याला कसलंही प्रायश्चित्त नाही. ज्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर चालू आहे तिथे निरांजन, उदबत्ती, कापूर काहीच पेटवू नका.

दुसरं, हौसेने पहिल्या दिवशी अकरा माळा आणि पाचव्या दिवशी शून्य. एकच माळ ठरवा, चाळीस दिवस. खंड पडला की "आता कोप होणार" ही नवीच भीती चिकटते. म्हणून आधीच ठरवून टाका: चुकलेल्या दिवसाची माळ दुसऱ्या दिवशी जोडायची नाही. दंड नाही, व्याज नाही.

नवसाबद्दल थोडं कडू बोलावं लागेल. "हे झालं तर ते करीन" हा सौदा झाला. मनासारखं नाही झालं की देव खोटा, आणि झालं तरी फेडायचं राहिल्याची टोचणी वर्षानुवर्षं. बोलायचाच असेल तर असा बोला की निकाल काहीही लागो, तुम्ही तो फेडाल.

आणि माणसं ओळखा. जो आधी पैसे मागतो, औषध बंद करायला सांगतो, घरच्यांना न कळवता एकट्याने ये म्हणतो, तिथून परत फिरा. तिन्हींपैकी एक खूण पुरे.

पुराची गोष्ट निराळी. 2019 आणि 2024 ला बडोद्याने पाहिलंय, पाण्याबरोबर मगरीही वस्तीत येतात. पाणी चढत असताना माळ घेऊन बसायचं नसतं. मेन स्विच बंद, औषधं, पिण्याचं पाणी, कागदपत्रं, देवघरातले टाक एका डब्यात, सगळं वरच्या मजल्यावर. आजीला आधी वर न्या. रामरक्षा वर गेल्यावर.

हॉस्पिटलात

ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या पेशंटला तीर्थाचा थेंबही देऊ नका. पोटात काही असलं तर भुलीखाली ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. तीर्थ त्याच्या नावाने तुम्ही घ्या. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून असतं, त्यात तीर्थही धरा. आयसीयूत अंगारा नेऊ नका. हातातला दोरा किंवा गळ्यातला ताईत काढायला सांगितला तर पेशंटचा चेहरा उतरतो. तो नर्सने कात्रीने कापण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी तुम्हीच सोडवा, रुमालात बांधा आणि "हा माझ्या खिशात आहे, परत बांधू" असं सांगा.

कुणाला भेटायला गेलात तर "देव सगळं बघतो" हे वाक्य पहिली दहा मिनिटं तोंडातून काढू नका. ऐका. मग काहीतरी नेमकं कबूल करा: "रात्रीचा डबा मी आणतो, खिचडी-कढी चालेल?" किंवा "दहा ते दोन मी बसते, तुम्ही घरी जाऊन झोपा." पुष्कळदा देव बघतो तो याच डब्यातून.

आणि पिशवीत माळ टाकताना गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत, घालून टाका, दोरा जुना असेल तर आधी ओवून घ्या. नाहीतर नेमक्या वेळी ती तुटते आणि आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांखाली वाकून मणी शोधावे लागतात.