बांधावरच्या गावरान आंब्याचे कलम घरी कसे बांधावे

रस्त्यांचे रुंदीकरण, वाटण्यांमध्ये मोडलेले बांध, खोल गेलेले पाणी आणि झाडांचे वाढलेले वय यांमुळे मराठवाड्यातील गावरान आंबे एकेक करून कमी होत आहेत. शेंद्र्या, खोबऱ्या, शेप्या, साखऱ्या अशी नावे मिरवणारी ही झाडे फार तर एका शिवाराच्या ओळखीची असतात, आणि शेजारच्या गावातला खोबऱ्या आपल्या खोबऱ्याशी जुळेलच असे नाही. ज्यांना केशर हवा आहे त्यांनी घरी कलम बांधण्याच्या खटाटोपात पडू नये. मराठवाडा केशरला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्याची खात्रीची कलमे शासनमान्य रोपवाटिकांत मिळतात. आजोबांच्या हातचा खोबऱ्या मात्र कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. त्याचे कलम आपल्यालाच बांधावे लागते, आणि तेही मूळ झाड उभे आहे तोवरच.

त्याच झाडाची कोय पुरली की तोच आंबा येतो, हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि तो चुकीचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला असतो, म्हणजे त्यात दुसऱ्या एखाद्या झाडाचा वाटा मिसळलेला असतो. ओलूर, बाप्पकाई यांसारख्या दक्षिणेकडील किनारपट्टीच्या काही जातींमध्ये एका कोयीतून अनेक रोपे निघतात व त्यांतील बरीचशी मूळ झाडासारखी असतात; पण तो नियम आपल्या गावरानाला लागू होत नाही. गुटी कलमाचा, म्हणजे झाडावरच्या फांदीची साल काढून तेथेच मुळे फोडण्याचा, सल्लाही ऐकू नये. डाळिंबाला आणि लिंबाला गुटी साधते, आंब्याला तिच्यावर मुळे फुटणे फार अवघड असते. भेट कलम खात्रीचे असले तरी त्यासाठी रोपाची कुंडी मूळ झाडाच्या फांदीशी काही महिने बांधून ठेवावी लागते व तिला सतत पाणी घालावे लागते, आणि ज्या बांधावर दिवसभर शेळ्या फिरतात तेथे हे जमणारे नाही. कोय कलम, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेले कलम, कोकणातील दमट हवेत उत्तम होते. आपल्या कोरड्या हवेत त्याचे कोवळे रोप लवकर सुकते. घरच्या माणसाने मराठवाड्यात मृदुकाष्ठ कलमच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यात वर्षभर वाढलेल्या रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, कोवळ्या, नव्या फुटीत मूळ झाडाची काडी पाचरीसारखी बसवून कलम बांधले जाते.

खुंट

झाड जेथे कायमचे हवे आहे तेथेच, रोहिणी-मृगाच्या सुमारास, ताज्या कोयी लावाव्यात. कोय फार दिवस जिवंत राहत नाही, म्हणून खाल्लेल्या आंब्याची कोय धुऊन आठवडाभरात मातीत जावी. एका जागी दोन-तीन कोयी लावून पुढे सर्वांत जोमदार रोप ठेवावे. पिशवीत रोप वाढवून नंतर हलवणे सोपे वाटते, पण पिशवीच्या तळाशी सोटमूळ वेटोळे घालते. जागेवरच उगवलेल्या रोपाचे मूळ सरळ खोल जाते व आपल्या उन्हाळ्यात तेच झाडाला तारते. काळ्या भारी जमिनीत पाणी साचत असेल तर जागा थोडी उंच करून घ्यावी.

पुढच्या वर्षी, पुनर्वसू ते आश्लेषा या नक्षत्रांच्या काळात, म्हणजे साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, खुंट पेन्सिलीएवढा जाड झालेला असतो आणि त्याच्या शेंड्याला तांबूस पानांची नवी फूट आलेली असते. ही तांबूस फूट दिसणे हीच कलमाची वेळ होय. नक्षत्र आले पण फूट आली नसेल तर थांबावे. उन्हाळ्यात पाणी देऊन कलम बांधता येते असे सांगणाऱ्यांनी आमच्याकडचा मे महिना पाहिलेला नसावा.

कलमकाडी

काडी निवडणे सोपे आहे, तिची तयारी मात्र आधीपासून करावी लागते आणि घाईची माणसे नेमकी तीच टाळतात. झाडाच्या बाहेरच्या, उन्हातल्या बाजूची, तीन-चार महिने वयाची, मोहोर न आलेली शेंड्याची काडी निवडावी. आतल्या सावलीतील बारीक काड्या आणि पर्णगुच्छ झालेल्या, म्हणजे रोगाने शेंड्याला पानांचे झुपके आलेल्या, फांद्या घेऊ नयेत. निवडलेल्या काडीची पाने ती झाडावर असतानाच, देठ तेवढे ठेवून, कलमाच्या आठ ते दहा दिवस आधी कापावीत. मग शेंड्याचा डोळा हळूहळू फुगतो आणि उरलेले देठ पिवळे पडतात. त्या देठाला बोटाचा हलका धक्का लागताच तो गळून पडला, डोळा टपोरा झाला पण उघडला नाही, तर काडी तयार आहे. देठ हिसडा देऊन तोडावा लागत असेल तर आणखी दोन दिवस जाऊ द्यावेत.

काडी सकाळी कापावी, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावी. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नये.

पाचर आणि खाच

बहुतेकांची कलमे येथेच वाया जातात, आणि सुरुवातीला मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त छळले. हवा, खत, नक्षत्र यांना दोष दिला जातो. खरे कारण बहुधा काप सपाट नसणे हे असते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक अतिशय पातळ, ओलसर, हिरवट थर असतो. नवे ऊतक तेथूनच वाढते. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना टेकले तरच सांधा जुळतो. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी दोन्ही बाजू आपापल्या जागी वाळून जातात.

प्रथम हत्याराविषयी. दाढीचे पाते वापरावे असे सर्रास सांगितले जाते; माझा त्याला ठाम विरोध आहे. ते पाते पातळ असल्याने लाकडात शिरताच वाकते आणि काप मध्ये खोलगट होतो. वरून पाहता पाचर सुंदर दिसते, पण खाचेत बसवल्यावर तिच्या फक्त कडा टेकतात व पोट अधांतरी राहते. एकाच बाजूने धार लावलेला कलमाचा चाकू घ्यावा आणि त्याची धार हातावरचे केस निघतील इतकी करावी. सराव आंब्याच्याच टाकाऊ फांद्यांवर करावा. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांदीवर हात बसवून आंब्याचे लाकूड कसे कापले जाते ते कळत नाही.

खुंट त्याच्या नव्या कोवळ्या फुटीच्या भागात आडवा कापावा. कापाच्या खाली काही जुनी हिरवी पाने अवश्य ठेवावीत, कारण सांधा जुळेपर्यंत खुंट त्यांच्यावरच जगतो. कापलेल्या टोकाच्या बरोबर मधोमध चार ते पाच सेंटिमीटर खोल उभी खाच घ्यावी. त्यानंतर सुमारे वीतभर लांबीच्या काडीच्या खालच्या टोकाला समोरासमोरच्या दोन बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरपे काप घेऊन पाचर करावी. प्रत्येक काप एकाच ओढीत झाला पाहिजे. करवतीसारखा चाकू पुढे-मागे केला की पृष्ठभागावर पायऱ्या पडतात आणि त्या पुन्हा पुन्हा तासत बसल्यास पाचर आखूड होत जाते. चाकू स्थिर धरून काडी आपल्याकडे ओढली तर काप अधिक सरळ येतो.

काप झाला की पाचरीची बाजू चाकूच्या सपाट अंगावर टेकवून दोन्ही उजेडाकडे धरावीत. मधून उजेडाची रेघ दिसली तर तो काप टाकून द्यावा आणि काडीवर वरच्या अंगाला नवा घ्यावा. ही तपासणी करायला काही क्षण पुरतात, आणि मी ती आजही कधी चुकवत नाही. कापलेल्या भागाला बोट लावू नये. चाकूला लागलेला चीक प्रत्येक कापानंतर स्वच्छ कापडाने पुसावा, कारण वाळलेल्या चिकाने धार अडखळते.

काडी आणि खुंट सारख्याच जाडीचे असावेत. काडी बारीक असेल तर ती खाचेच्या मधोमध बसवू नये. एका कडेला सरकवून त्या बाजूची साल सालीला नेमकी मिळवावी. दोन्ही बाजू अर्धवट जुळण्यापेक्षा एक बाजू पूर्ण जुळणे केव्हाही चांगले. पाचर खाचेत बसवताना दाबून ठोकू नये, नाहीतर खाच खाली चिरत जाते.

सांध्याला मध, हळद, कोरफडीचा गर किंवा शेण लावण्याचे सल्ले दिले जातात. दोन ताज्या कापांच्या मध्ये लावलेली कोणतीही वस्तू त्यांना एकमेकांपासून दूरच ठेवते, म्हणून आत काहीही लावू नये. पाचर कापल्यापासून ती खाचेत बसेपर्यंत मिनिटभरापेक्षा जास्त वेळ जाता कामा नये. तेव्हा पट्टी आणि टोपी आधीच हाताशी ठेवावी.

बांधणी आणि टोपी

दोन सेंटिमीटर रुंदीची पातळ प्लास्टिकची पट्टी सांध्याच्या खालून सुरू करून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवत, ताणून वर न्यावी. म्हणजे पावसाचे पाणी फेऱ्यांवरून निथळते व आत शिरत नाही. काडीवर पेप्सीकांडीची लांब, अरुंद पिशवी आतून ओली करून टोपीसारखी चढवावी आणि सांध्याच्या खाली बांधावी. श्रावणात आपल्याकडे आठ-आठ दिवस उघडीप पडते आणि दुपारचे ऊन या पिशवीत काडी शिजवून काढते, म्हणून पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा करावा.

दोन ते तीन आठवड्यांत डोळा फुटू लागतो. तोवर पिशवी काढून आत डोकावू नये. काडी हिरवी असेल तर ती जिवंत आहे, काळी पडली तर कलम गेले. हे पिशवीबाहेरून दिसते. कोंब पिशवीला टेकू लागला की संध्याकाळी, शक्यतो ढगाळ दिवशी, ती काढावी. पहिला कोंब फुटला म्हणून कलम जगले असे धरून चालू नये, कारण काडी स्वतःच्या साठ्यावरही काही दिवस फुटते आणि मग कोमेजते. नवी पाने पूर्ण उघडून, तांबूस रंग जाऊन हिरवी झाली म्हणजेच सांधा जुळला.

कलम गेले तर खुंट गेला असे नाही. काळी काडी व तिच्या खालचा वाळलेला भाग कापून टाकावा; खालून फूट येते आणि हंगाम उरला असेल तर तिच्यावर त्याच वर्षी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कलम बांधता येते. त्यासाठी मूळ झाडावर दोन-चार काड्या आठवड्याच्या अंतराने पाने कापून तयार ठेवाव्यात.

पहिले वर्ष

सांध्याखाली खुंटाला येणारी फूट दिसताच खुडावी. ती ठेवल्यास काही वर्षांनी अंगणात खोबऱ्याऐवजी कोयीचे भलतेच झाड वाढलेले असते. दोन-तीन महिन्यांनी पट्टीला एका बाजूने उभी चीर देऊन ती सोडवावी. राहिली तर साल आवळली जाते आणि जोराच्या वाऱ्यात झाड नेमके तेथे मोडते. तुऱ्हाटीचा आधार, बुंध्याभोवती सोयाबीनच्या भुश्शाचे जाड आच्छादन आणि उन्हाळ्यात जवळ पुरलेल्या मडक्यातून पाणी. भुसा खोडापासून वीतभर दूर ठेवावा, अन्यथा वाळवी सालीपर्यंत पोहोचते.

कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर येऊ शकतो, कारण काडी वयात आलेल्या झाडाची असते. घरातील सर्वांना त्याचा एक तरी आंबा चाखण्याची ओढ लागते, ते मी समजू शकतो. तरीही पहिली तीन वर्षे मोहोर दिसताच खुडावा, आणि मूळ झाड अजून फळत असेल तर तोवर त्याच्याच कैऱ्या आढीत घालाव्यात.